पेशी, तनकी, डिग्री : निझामी राज्यातील दिवाणी न्यायाची घडण

पुण्याकडचा पक्षकार 'कोर्टात तारीख आहे' असे म्हणतो. उमरग्याचा पक्षकार 'पेशी आहे' म्हणतो. अर्थ एकच असला तरी हे दोन शब्द दोन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांतून आले आहेत. उमरगा आज धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसले आहे. सोलापूर येथून सुमारे नव्वद किलोमीटर, तर हैदराबाद दोनशे किलोमीटरहून अधिक. तरीही सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील शेतकऱ्याच्या बांधाचा, वाटणीचा आणि सावकाराच्या कर्जाचा अंतिम फैसला जवळच्या सोलापूरकडे नव्हे, तर दूरच्या हैदराबादकडे होत असे. वाटेत एक सरहद्द होती. तिच्या पश्चिमेला ब्रिटिशांचा मुंबई इलाखा आणि पूर्वेला निझामाचे राज्य.

निझामाच्या राज्यातील न्यायव्यवस्थेविषयी मराठी वाचकांत दोन टोकाची मते आढळतात. एक मत असे, की तेथे न्याय नावाची गोष्टच नव्हती, जे काही होते ते फर्मान. दुसरे मत असे, की न्यायखाते आणि महसूलखाते यांची फारकत निझामाने ब्रिटिशांच्याही आधी केली, म्हणून ते राज्य पुढारलेले. ही दोन्ही मते अर्धीच खरी आहेत. दिवाणी दावा कसा दाखल करावा, समन्स कसे बजावावे, निकालावर अपील कोठे आणि किती दिवसांत करावे, याचे ठाशीव नियम त्या राज्यात निश्चितच झाले. परंतु ते नियम ज्या भाषेत लिहिले गेले ती भाषा उमरग्याच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हती. आणि ज्या सिंहासनाने ते नियम केले, ते सिंहासन स्वतः त्या नियमांच्या बाहेर होते.

महजर ते जिलाबंदी

या सुधारणेचे मोल समजण्यासाठी तत्पूर्वीची स्थिती पाहावी लागते. दख्खनच्या खेड्यांत वतनाचा, हद्दीचा किंवा वारसाचा तंटा गोतसभेपुढे अथवा पंचायतीपुढे जाई. साक्षी होत, कधी दिव्य होई आणि निर्णय 'महजर' या लेखात नोंदला जाई. मुसलमानांचे विवाह, मेहेर आणि वारसा यांचे प्रश्न काझीकडे जात. या पद्धतीत शहाणपण नव्हते असे नाही. गावाच्या माहितीतला माणूसच गावाचा तंटा सोडवीत असे. परंतु कोणता तंटा कोणापुढे जावा, प्रतिपक्षाला किती मुदत मिळावी आणि एकदा झालेला निर्णय पुन्हा उकरून काढता येऊ नये यासाठी काय व्हावे, याचा एकसारखा नियम नव्हता. हरलेला पक्ष दुसऱ्या देशमुखाकडे, दुसऱ्या सरदाराकडे जाई आणि तोच तंटा नव्याने उभा राही. कित्येक वतनांचे वाद तीन-तीन पिढ्या चालले ते याच कारणाने.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ मध्ये, नियमांचा एक संच तयार झाला. त्यातील चौथा नियम दिवाणी कामकाजाचा होता. पुढे १८५९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानची पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आली. १८७७ आणि १८८२ मध्ये ती नव्याने रचली गेली आणि १९०८ ची संहिता तर सुधारणांसह आजही लागू आहे. सोलापूरचा पक्षकार या चौकटीत वाढला.

नळदुर्गच्या मुलखाने मात्र मधली सात वर्षे दोन्हींचा अनुभव घेतला. मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग जिल्हाही कंपनी सरकारकडे गेला. तेथील कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचा लेखक तो हाच. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर दुआब निझामाला परत मिळाले.

त्याच १८५३ साली सालारजंग (पहिले) हैदराबादचे दिवाण झाले आणि १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. न्यायाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम म्हणजे १८६५ ची जिलाबंदी. तोवर महसूल मक्त्याने गोळा होई आणि मक्तेदार हाच बऱ्याच अंशी त्या मुलखाचा न्यायाधीशही असे. जिलाबंदीने राज्याचे जिल्हे व तालुके पाडले, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार नेमले, त्यांना ठरीव पगार दिले. १८६८ मध्ये चार 'सदर-उल-महाम' म्हणजे खातेप्रमुख नेमले गेले, त्यांपैकी एक न्यायखात्याचा. राजधानीत अदालतींची उतरंड उभी राहिली, सुभ्याच्या ठिकाणी सदर अदालत आली. उस्मानाबादचा सुभा होता गुलबर्गा.

जिल्ह्यांत मात्र एक गाठ तशीच राहिली. तालुक्याच्या पातळीवर लहान दिवाणी दावे तहसीलदारच ऐकत असे, आणि फौजदारी अधिकारही त्याच्याकडेच. म्हणजे ज्या अधिकाऱ्याने सकाळी शेतसाऱ्याच्या थकबाकीसाठी शेतकऱ्याला चावडीवर बसवून ठेवायचे, त्यानेच दुपारी त्याच शेताच्या मालकीचा दावा ऐकायचा. त्यात त्याची नेमणूक, बढती आणि बदली ठरे ती वसुलीवरून, निकालाच्या गुणवत्तेवरून नव्हे. सावकार साऱ्याचा भरणा करून देत असे. कुळाकडे द्यायला काही नसे. अशा स्थितीत तहसीलदार कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या हितसंबंधांची दिशा उघड होती.

संहिता आणि १९२१ चे फर्मान

सहावे निझाम महबूब अली खान यांच्या काळात, १८९३ च्या सुमारास, 'कानूनचा-ए-मुबारक' या नावाने राज्यकारभाराची घडी लिहून काढण्यात आली आणि कायदे करण्यासाठी मंडळ अस्तित्वात आले. कायदे एकामागून एक होऊ लागले. मराठवाड्यातील वकिलांच्या तोंडी असलेला १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा त्यांतलाच. सातवे निझाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १३२३ फसलीत, हैदराबादची दिवाणी प्रक्रिया संहिता झाली. उर्दूत तिला 'जाब्ता-ए-दिवानी' म्हणत.

फसली सनाचा हिशेब नव्या वाचकाला चकवतो, म्हणून येथे थोडे थांबतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. मात्र हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असे. त्यामुळे १३२३ फसली म्हणजे ऑक्टोबर १९१३ ते ऑक्टोबर १९१४. दय, बहमन, इस्फंदार, खुर्दाद, अमर्दाद ही त्या वर्षातील महिन्यांची इराणी नावे जुन्या निकालपत्रांत पदोपदी भेटतात. एखाद्या खरेदीखताची तारीख चुकीच्या वर्षात धरली, तर मुदतीचा सारा हिशेबच कोसळतो.

संहितेचा आराखडा ब्रिटिश हिंदुस्थानातील संहितांवर बेतलेला होता. वादीने (मुद्दईने) अर्जदावा दाखल करायचा. त्यात दाव्याचे कारण कधी व कोठे उद्भवले, मालमत्तेचे मूल्य किती, मागणी काय, हे लिहायचे. मूल्यावरून कोणत्या अदालतीला अधिकार आणि किती मुद्रांक, हे ठरे. मग तलबाना, म्हणजे समन्स बजावण्याचा खर्च, भरायचा. प्रतिवादीने (मुद्दालेहने) जवाबदावा द्यायचा. दोन्हींच्या कथनांत जेथे विरोध आहे तेथे अदालतीने 'तनकी' काढायच्या. तनकी म्हणजे आपल्याकडचे 'मुद्दे' किंवा वादप्रश्न. शेत वडिलोपार्जित आहे काय, खरेदीखत खरे की गहाणाचे सोंग, दावा मुदतीत आहे काय, अशा तनकींवरच पुरावा घ्यायचा आणि तनकीनिहाय निष्कर्ष देऊन निकाल लिहायचा. निकालावरून डिग्री. तिच्यावर 'मुराफा' म्हणजे अपील, क्वचित 'नजरसानी' म्हणजे पुनर्विलोकन. आणि डिग्री हाती आल्यावर तिची अंमलबजावणी, 'इजरा', त्यासाठी कुर्की.

वरवर पाहता ही केवळ पायऱ्यांची यादी आहे. परंतु सामान्य पक्षकाराच्या दृष्टीने या यादीत तीन मोठी आश्वासने होती. पहिले असे, की तुझ्या पाठीमागे, तुला न कळवता तुझ्या शेताचा निकाल लागणार नाही. दुसरे, न्यायाधीश कशाचा विचार करणार आहे हे पुराव्यापूर्वीच तुला कळेल. तनकी हा या साऱ्या प्रक्रियेचा कणा म्हणावा लागेल, कारण तनकी नसतील तर साक्षीदार काय बोलेल आणि न्यायाधीश काय ऐकेल याला सीमा राहत नाही. तिसरे आश्वासन असे, की एकदा अखेरचा निकाल झाला की तोच वाद त्याच पक्षकारांत पुन्हा उभा राहणार नाही. गोतसभेच्या काळी नेमकी हीच उणीव होती.

संहिता आली तरी तालुक्यातली गाठ सुटली नव्हती. ती सुटली १९२१ मध्ये. १९१९ मध्ये निझामाने कार्यकारी मंडळ नेमले होते आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते पाटण्याचे नामवंत बॅरिस्टर सर अली इमाम. त्यांच्याच कारकिर्दीत, शाही फर्मानाने, न्यायखाते महसूलखात्यापासून वेगळे करण्यात आले. तहसीलदार आणि तालुकदार यांच्याकडील न्यायदानाचे अधिकार काढून ते मुन्सिफ व जिल्हा न्यायाधीश यांच्याकडे आले आणि या न्यायाधीशांवर देखरेख उच्च न्यायालयाची राहिली. राजधानीत मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील उच्च न्यायालयाच्या भव्य इमारतीचे उद्‌घाटन १९२० मध्येच झाले होते.

मुंबई इलाख्याशी तुलना करायची तर ती जपून करावी लागेल. दिवाणी कामापुरते पाहिले तर सोलापूर जिल्ह्यात स्वतंत्र दुय्यम न्यायाधीश कितीतरी आधीपासून होते. तेथे मामलेदार मालकीचे दावे चालवीत नसे. फौजदारी बाजूला मात्र मामलेदार आणि प्रांत हेच दंडाधिकारी होते आणि ही फारकत तेथे १९५१ च्या मुंबई कायद्याने झाली, तर देशभर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. त्यामुळे १९२१ चे फर्मान हे दिवाणी बाजूने उशिरा भरून काढलेले अंतर होते आणि फौजदारी बाजूने खरोखरच काळाच्या पुढे टाकलेले पाऊल होते. काँग्रेस ज्या सुधारणेची मागणी अधिवेशनामागून अधिवेशनात करीत होती, ती एका संस्थानिकाने एका फर्मानाने करून टाकली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हे सर्व खालसा मुलखापुरते. पायगा, मोठ्या जहागिरी आणि निझामाची खासगी मिळकत असलेला सर्फ-ए-खास यांची व्यवस्था स्वतंत्र होती. बड्या जहागिरदारांच्या स्वतःच्या अदालती असत. उस्मानाबाद जिल्ह्यातही अशी गावे होतीच. शेजारशेजारच्या दोन गावांतील शेतकऱ्यांनी एकाच प्रकारचा दावा निराळ्या दारात नेणे, हा प्रकार १९४९ मध्ये जहागिरी नष्ट होईपर्यंत चालू होता.

उर्दूतील न्याय

हैदराबादच्या दरबाराची जुनी भाषा फारसी. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली आणि अदालतींचे कामकाज उर्दूत चालू लागले. उस्मान अली खानांच्या काळात उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले (१९१८), त्याच्या जोडीला भाषांतर विभाग आला आणि कायद्याचे उच्च शिक्षण उर्दूतून देण्याइतकी परिभाषा तयार झाली. एका हिंदी भाषेत संपूर्ण न्यायव्यवस्था चालवून दाखविण्याचा हा प्रयोग त्या काळात अपूर्व होता. कलकत्ता, मुंबई आणि मद्रासची उच्च न्यायालये तेव्हा केवळ इंग्रजीत चालत.

परंतु ती भाषा कोणाची? राज्यातील सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारे पाव मराठी, आणि दहापैकी एकाहून थोडे अधिक कन्नड. उर्दू मातृभाषा असणारांचे प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होते. उमरगा तर मराठी आणि कन्नडच्या सीमेवरचे गाव. येथील शेतकऱ्याचा घरचा कागद मोडीत, बोलणे मराठीत किंवा कन्नडात, आणि अर्जदावा उर्दूत. साक्ष त्याने मराठीत द्यायची, पेशकाराने ती उर्दूत उतरवून घ्यायची आणि खाली त्याने अंगठा उठवायचा. काय लिहिले गेले याची खातरजमा करण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. संहितेने दिलेले पहिले आश्वासन, म्हणजे तुला न कळवता निकाल होणार नाही, येथेच लंगडे पडत होते. समन्स मिळाले, पण ते वाचून दाखवायला गावात कोण? बहुधा पटवारी किंवा मौलवी. पटवारीच जर दुसऱ्या बाजूचा असेल तर मग बोलायलाच नको.

या दरीवर पूल बांधला तो वकिलांनी. मराठी-कन्नड मुलखातील हिंदू घराण्यांतले तरुण उर्दू-फारसी शिकून वकिलीत शिरले आणि पुढे तेच सार्वजनिक जीवनाचे नेते झाले. गुलबर्ग्यात वकिली करून नाव कमावलेले केशवराव कोरटकर हे त्यांतील ठळक नाव. ते पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हैदराबादच्या विवेकवर्धिनी या मराठी शिक्षणसंस्थेच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९५२ मध्ये हैदराबाद विधानसभेचे अध्यक्ष झालेले काशीनाथराव वैद्य हेही मूळचे वकीलच.

बडोद्याचे उदाहरण येथे आठवल्याशिवाय राहत नाही. सयाजीराव गायकवाडांनी प्रजेची भाषा, गुजराती, हीच कारभाराची भाषा मानली आणि १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा अनेक भाषांतील शासकीय परिभाषेचा कोश काढला. राजाची घरची भाषा मराठी असूनही प्रजेवर ती लादली नाही. हैदराबादच्या प्रयोगात परिभाषेचे कष्ट तितकेच होते. फक्त प्रजेच्या भाषेचा विचार नव्हता.

फर्मान कायद्याहून मोठे

मुन्सिफाच्या निकालावर जिल्हा अदालत, तिच्यावर उच्च न्यायालय आणि त्याच्याही वर ज्युडिशियल कमिटी, अशी अपिलाची उतरंड होती. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या धर्तीवरची ही कमिटी निझामाला सल्ला देई आणि निझाम आज्ञा करी. येथवर सारे नियमाने चालले. परंतु निझाम हा कायदे करणारा, न्याय देणारा आणि राज्य चालविणारा असा तिन्ही बाबतींत सर्वोच्च होता. त्याने एखाद्या चालू दाव्याबाबत वेगळे फर्मान काढले तर ते संहितेविरुद्ध आहे असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे नवाब वलिउद्दौला यांच्या वारशाचा वाद. ते पायगा घराण्यातील उमराव. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या विवाहित पत्नी कोण, कोणाची मुले औरस, यावर तंटा उभा राहिला. प्रकरण दारुल-कझा म्हणजे काझीच्या अदालतीत होते. ते फर्मानाने तेथून काढून एका खास आयोगाकडे देण्यात आले. अहवाल झाले, फर्माने निघाली, ती फिरली. निझामाची सत्ता संपल्यावरही हा गुंता सुटला नाही, तेव्हा हैदराबाद सरकारने १९५० मध्ये खास या एका कुटुंबासाठी 'वलिउद्दौला वारसा कायदा' करून दोन स्त्रियांचे व त्यांच्या मुलांचे दावे फेटाळले. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'अमीरुन्निसा बेगम विरुद्ध महबूब बेगम' या खटल्यात तो कायदा घटनेच्या १४ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे समानतेच्या हमीचा, भंग करतो म्हणून रद्द ठरवला. इतर प्रत्येक नागरिकाला वारशासाठी न्यायालयात जाता येते, तर याच दोघींना ते दार का बंद, असा साधा प्रश्न त्यामागे होता.

त्याच कुटुंबाचे प्रकरण १९५५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने याच्या दुसऱ्या अंगावर बोट ठेवले. निझामाच्या काळातील फर्मानांना कायद्याचेच बळ होते; निझामाला कोणतीही घटनात्मक मर्यादा नव्हती, असे न्यायालयाने मान्य केले. म्हणजे जुनी फर्माने जुन्या काळापुरती वैध, नव्या काळात तसा अपवाद करायला मात्र बंदी. उमरग्यासारख्या ठिकाणी इनामाच्या किंवा दर्ग्याच्या जमिनीचा दावा निघाला की एखादे जुने फर्मान पुढे येते ते याच आधारावर.

सरहद्दीपलीकडची डिग्री

सीमेवरच्या तालुक्याला भेडसावणारा खरा व्यावहारिक प्रश्न वेगळाच होता. समजा, १९३५ मध्ये सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने उमरग्याच्या शेतकऱ्याविरुद्ध सोलापूरच्या कोर्टातून पैशाचा हुकूमनामा मिळवला. शेतकऱ्याची जमीन, बैल, घर सारे निझामाच्या हद्दीत. सोलापूरचा बेलीफ तेथे जप्ती करू शकत नव्हता. दोन्हीकडच्या संहितांची रचना सारखी असली तरी कायद्याच्या दृष्टीने एकमेकांची न्यायालये परकी होती. परस्पर मान्यतेची खास व्यवस्था नसेल, तर व्यापाऱ्याने हुकूमनाम्याच्याच आधारे हैदराबाद राज्यात नवा दावा आणायचा. आणि शेतकरी सोलापूरला हजरच झाला नसेल, त्याने त्या कोर्टाचा अधिकार मान्यच केला नसेल, तर तो हुकूमनामा तेथे टिकण्याची आशा थोडी.

यात कर्जदाराचा फायदा होता असे वाटेल. पण परिणाम उलटाही होत असे. ज्याची जप्ती करता येत नाही त्याला कर्ज महागच मिळणार. आणि उमरग्याच्या ज्या माणसाचे येणे सोलापूरच्या बाजारात अडकले असेल, त्याचीही स्थिती तीच.

स्वातंत्र्यानंतर देश एक झाला म्हणून हे परकेपण आपोआप संपले नाही. ग्वाल्हेरच्या सरदार मालोजी नरसिंहराव शितोळे यांचा खटला यावर चांगला प्रकाश टाकतो. ग्वाल्हेरच्या न्यायालयातून १९४८ मध्ये त्यांना एकतर्फी डिग्री मिळाली. ती बजावण्यासाठी अलाहाबादला नेली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या दिवशी डिग्री झाली त्या दिवशी ग्वाल्हेरचे न्यायालय अलाहाबादच्या प्रतिवादीसाठी परकेच होते. तो हजर झाला नव्हता. म्हणून डिग्री तेथे बजावता येणार नाही. पुढे १९७१ मध्ये 'लालजी राजा आणि सन्स' या खटल्यात, बंगालमधील बांकुरा न्यायालयाची डिग्री पूर्वीच्या मध्य भारतातील मोरेना येथे बजावण्यास मात्र न्यायालयाने परवानगी दिली. दरम्यान एकच संहिता दोन्हीकडे लागू झाली होती आणि ती डिग्री भारतीय न्यायालयाची होती, हे तेथे निर्णायक ठरले.

एक संहिता

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निघून नळदुर्ग, उमरगा या मार्गानेच हैदराबादकडे गेल्या. चार-पाच दिवसांत निझामाची फौज शरण आली. अदालती मात्र दुसऱ्या दिवशीही जुन्याच संहितेने चालत राहिल्या. राज्य बदलले म्हणून चालू दावे थांबवता येत नाहीत.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली आणि तिच्या ३७४ व्या अनुच्छेदाने संस्थानांतील प्रिव्ही कौन्सिलसदृश संस्थांचा अधिकार संपवून त्यांच्याकडील प्रलंबित अपिले सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवली. हैदराबादच्या ज्युडिशियल कमिटीचे काम अशा रीतीने थांबले. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज हैदराबादेत चालले होते. दिल्लीबाहेर बसण्याचे असे प्रसंग या न्यायालयाच्या इतिहासात अत्यंत विरळ.

त्याच वर्षी निकाल लागलेल्या 'नरहरी विरुद्ध शंकर' या हैदराबादच्या खटल्याचे नाव आजही वकील घेतात. जमिनीच्या हिश्शाच्या ताब्याचा दावा. खालच्या अदालतीची डिग्री एकच, पण प्रतिवादींच्या दोन गटांनी दोन अपिले केली, म्हणून निकालाची कागदपत्रेही दोन झाली. वादी उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांचे एक अपील मुदतीत आणि दुसरे मुदतीबाहेर. उच्च न्यायालय म्हणाले, दुसरे मुदतबाह्य, म्हणून त्यातील निकाल कायम झाला. आणि तो कायम झाला म्हणून पहिलेही बाद. सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवले. दावा एक, वाद एक, निर्णय एक. मग दोन कागद झाले म्हणून माणसाचा हक्क बुडत नाही. प्रक्रियेचे प्रमाणीकरण किती टोकाला जाऊ शकते आणि त्याला आवर कोठे घालायचा, याचा हा उत्तम नमुना आहे. पूर्वी नियम नसल्याने वाद संपत नव्हते. आता नियमाच्या बोटावर मोजण्याने वाद ऐकण्याआधीच संपू लागले होते.

१ एप्रिल १९५१ रोजी १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता पूर्वीच्या संस्थानी राज्यांना लागू झाली आणि हैदराबादची संहिता रद्द झाली. उमरगा आणि सोलापूर यांच्यामध्ये डिग्रीपुरती सरहद्द त्या दिवसापासून उरली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि अपिलांचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाकडे वळला. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) त्या न्यायालयाचे कामकाज १९८१ मध्ये सुरू झाले आणि १९८४ पासून तेथे कायम खंडपीठ आहे.

भाषेचा प्रश्न सुटायला याहून बराच वेळ लागला. उर्दू गेली तेव्हा तिची जागा मराठीने लगेच घेतली नाही. ती बऱ्याच अंशी इंग्रजीने घेतली. जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. म्हणजे १८८४ पासून मोजले तर शंभराहून अधिक वर्षांनी उमरग्याच्या पक्षकाराला आपल्याच भाषेत दावा आणि निकाल मागण्याचा कायदेशीर आधार मिळाला. व्यवहारात किती निकाल मराठीत लिहिले जातात, हा वेगळा विषय.

निझामी कायदे मात्र सर्वच गेलेले नाहीत. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आणि १९५२ चा अतियात चौकशी कायदा हे निझामाचे नव्हेत, हैदराबाद राज्याचे. तरी मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत त्यांचा संदर्भ सुटत नाही. त्यांच्या सोबतीला शेतवार, १९५४ चे खासरा पाहणी पत्रक आणि इनामाचा मुंतखब. यांतील जुने कागद उर्दूत, कधी मोडीत. २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या निमित्ताने 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द घरोघरी पोहोचला. वकिलांच्या टेबलावर त्याच काळातले कागद मात्र गेली पाऊणशे वर्षे आहेत. ते वाचू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत आणि भाषांतर बरोबर आहे की नाही यावरच कित्येकदा उलटतपासणीचा मोठा वेळ जातो.

जुनी सरहद्द अपिलाच्या वाटेवर अजून दिसते ती अशी : उमरग्याच्या दाव्यावरचे अपील उच्च न्यायालयात गेले तर ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जाते. नव्वद किलोमीटरवरच्या सोलापूरचे अपील ऑगस्ट २०२५ पर्यंत मुंबईला जात होते, आता ते कोल्हापूरला जाते.